दोन पखवाज

संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकला नाव देणं हे सगळ्यात कमी मानाचं काम. आवाज चढवणं-उतरवणं, नको ते कापणं, गाण्याभोवती थोडा घुमारा ठेवणं, यांत काहीतरी कसब आहे. नावाचं काय? जागेवर जायचं, अक्षरं टाइप करायची, एंटर दाबायचं. म्हणून भाचीनेही ते शेवटावर ठेवलं होतं. यादीतली बाकीची अवजारं लिहून-तपासून झाली तेव्हा रात्र बरीच झाली होती, कौलांवर पाऊस आपटत होता आणि पहाटे उठून दूर्वा आणायच्या होत्या. तिने चार ओळींचा कोड लिहिला आणि वर्णनाच्या जागी एकच वाक्य टाकलं : 'ट्रॅकचं नाव बदलतो.'

वाक्यात चूक काहीच नव्हती.

भाची पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. चतुर्थीला ती आजोळी येते, कणकवलीच्या बाजूला. तिचा मामा डबलबारीचा बुवा. सिंधुदुर्गातली डबलबारी ज्यांनी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर, दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एकाची बारी झाली की दुसऱ्याची, आणि रात्र चढते तशी दोन बुवांमधली सवाल-जवाबाची खुमखुमीही चढते. दोन्हीकडे पेटी, दोन्हीकडे पखवाज, दोन्हीकडे झांज, दोन्हीकडे कोरस. हे शेवटचं जरा लक्षात असू द्यावं.

बुवा जन्मांध. वय झालं तशा बाऱ्या कमी केल्या आणि मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचा उद्योग मांडला. भिंतींना गोधड्या ठोकल्या, खिडकीला गादी लावली. आसपासची मंडळं आपल्या बाऱ्यांचं रेकॉर्डिंग आणून देतात, बुवा ते साफ करून, नीट मिसळून परत देतात. न दिसणारा माणूस संगणकावर हे कसं करतो, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना बुवांकडे चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

उत्तर तसं सोपं आहे. एनव्हीडीए नावाचा एक फुकट स्क्रीन रीडर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करनने तो २००६ साली लिहायला घेतला, मग जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध. आणि रीपर नावाचं ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर आहे, कधीकाळी लोक ज्यावर गाणी ऐकायचे तो विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलचंच पुढचं अपत्य. याच तेहच्या पुढाकाराने रीपरसाठी ओसारा नावाची जोडणी तयार झाली. ती बसवली की बाणाची कळ दाबत खाली-वर जाता येतं आणि प्रत्येक ट्रॅकवर संगणक बोलतो : क्रमांक, नाव, गप्प केलाय की नाही, एकट्याने वाजतोय की नाही. बुवा हे बोलणं इतक्या वेगाने लावतात की दुसऱ्याला ते तव्यावर मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. त्यांना मात्र शब्दन् शब्द कळतो.

भाचीने या सगळ्यावर एक नवी गंमत चढवायचं ठरवलं होतं. मामाने मराठीत सांगावं आणि एआय एजंटने रीपर चालवावा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक खुली पद्धत जाहीर केली, लोक तिला एमसीपी म्हणतात. तिच्यामुळे कुठल्याही सॉफ्टवेअरची कामं सुटी सुटी अवजारं करून भाषेच्या मॉडेलच्या हाती देता येतात. प्रत्येक अवजाराला एक नाव, एक वर्णन आणि त्याला काय काय माहिती पुरवायची याचा एक आराखडा. मॉडेलला अवजाराचा कोड दिसत नाही. रीपरचा पडदा दिसत नाही. माणूस काय बोलला ते त्याच्यासमोर असतं, आणि ही वर्णनं असतात. कुठलं अवजार उचलायचं, त्यात काय भरायचं, हे त्याने एवढ्यावरून ठरवायचं. ज्याला आपण वर्णन म्हणतो, ती त्याची डोळ्यांच्या जागी असलेली गोष्ट आहे.

भाचीला हे माहीत होतं. पाठच होतं म्हणा. तरी रात्री झोप आली होती.

दुसऱ्या दिवशी आरत्या आटोपल्यावर बुवा एका नव्या बारीचं रेकॉर्डिंग घेऊन बसले. सोळा ट्रॅक. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाने काहींना नावं दिली होती, काही तसेच सोडले होते. बुवांनी तिसरा ट्रॅक ऐकला, पखवाज होता. त्यांनी एजंटला सांगितलं, "तीन नंबरला पखवाज असं नाव दे."

"झालं," एजंट म्हणाला.

बुवांनी बाण दाबला. तीन, नाव नाही. पुन्हा दाबला. चार, पखवाज. चौथा ट्रॅक एकटा वाजवून पाहिला तर झांज खणखणत होती.

रीपरमध्ये ट्रॅक दोन तऱ्हांनी मोजले जातात. माणसाला दिसणारी आणि ऐकू येणारी मोजणी एकपासून चालते. प्रोग्रॅम लिहिणारा ज्या फंक्शनने ट्रॅक हातात घेतो, त्याची मोजणी शून्यापासून. भाचीच्या चार ओळी शून्यापासून मोजत होत्या, मामा एकपासून, आणि बिचाऱ्या एजंटला दोन मोजण्या आहेत हेच कुणी सांगितलं नव्हतं. त्याने तीन ऐकले, तीन दिले.

एवढं असतं तर हसून सोडता आलं असतं. पण चौथ्या ट्रॅकला आधी एक नाव होतं. ते नुसतं 'झांज' नव्हतं. पुढे त्या मुलाने काहीतरी लिहून ठेवलं होतं, माइक हललाय की आवाज फुटलाय असं काहीसं. रेकॉर्डिंग करणारे लोक ट्रॅकच्या नावातच अशा खुणा ठेवतात; दुसरीकडे लिहिलेलं पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही हे त्यांना अनुभवाने कळलेलं असतं. बुवांनी ते एकदा भरभर ऐकलं होतं आणि पुन्हा सावकाश ऐकू म्हणून पुढे गेले होते. आता तिथे 'पखवाज' होतं. आधीचं नाव काय होतं, असं एजंटला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं, अवजाराने त्याला ते कळवलंच नव्हतं. बदल मागे घेता यावा म्हणून रीपरमध्ये नोंद टाकणाऱ्या दोन ओळी असतात, एक कामाच्या आधी आणि एक नंतर. नाव बदलण्यासारख्या क्षुल्लक गोष्टीला त्या कशाला, म्हणून भाचीने त्या घातल्या नव्हत्या.

"त्या मुलाला फोन करते," ती म्हणाली.

"कर. पण तू त्या अवजारावर काय शिक्का मारलायस ते आधी माका सांग."

बुवा रागावले की मालवणीत शिरतात, समजावताना शाळेतली मराठी बोलतात. हे वाक्य मधलं होतं.

शिक्का म्हणजे एमसीपीमध्ये अवजाराबरोबर देता येणाऱ्या काही सूचना. हे फक्त वाचणारं आहे का, असलेलं काही पुसून टाकणारं आहे का, तेच काम दोनदा केल्याने काही फरक पडतो का, वगैरे. भाचीने आदल्या रात्री मामाला हे मोठ्या उत्साहाने समजावलं होतं. नाव बदलण्याच्या अवजारावर तिने 'नुकसान करणारं नाही' असं लिहिलं होतं. आवाज तर जागच्या जागी आहे, कापलेलं नाही, पुसलेलं नाही, मग नुकसान कसलं?

"तुला तरंग दिसतात," बुवा म्हणाले. "रंग दिसतात. झांजेचा तरंग वेगळा, पखवाजाचा वेगळा. नाव गेलं तरी तुझा ट्रॅक तुला सापडतो. माझं नाव गेलं की माझा ट्रॅक गेला. आणि तुझ्या त्या एजंट पोराचाही."

भाचीने त्या शिक्क्याचा नियम पुन्हा उघडून वाचला. त्यात असं होतं की केवळ भर घालणारी कामं निरुपद्रवी मानावीत. असलेल्या नावावर दुसरं नाव लिहिणं ही काही भर नव्हे. म्हणजे मामाचं म्हणणं भावनेच्या भरातलं नव्हतं, ते अक्षरशः नियमात बसत होतं. तिने शिक्का बदलला. मग उरलेला राग वर्णनावर काढला.

आजकाल असा राग काढायची एक सोय झाली आहे. तिने कोड एका एआयला दिला आणि सविस्तर दस्तऐवज लिहून मागितला. मिनिटाभरात आला. लग्नपत्रिकेसारखा होता : सगळ्यांची नावं, सगळे मान, आणि कार्यालयाचा पत्ता शोधायला चष्मा लागावा. 'ठळक वैशिष्ट्ये' होती, 'वापराचे फायदे' होते, तीन उदाहरणं होती आणि तिन्हींत सगळं व्यवस्थित पार पडत होतं. भाचीला तो आवडला. निदान आता कुणी कमी लिहिलं असं म्हणणार नव्हतं.

"वाच गो," बुवा म्हणाले. त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला आणि इन्सर्टबरोबर एस दाबून स्क्रीन रीडरचं बोलणं बंद केलं.

"हे बंद कशाला?"

"तुझ्या पोराला काही ऐकू येतं का? नाही ना? मग मलाही नको. तू वाचशील तेवढंच मला ठाऊक. मी तसंच करणार. वर डोकं चालवणार नाही."

भाचीने वाचायला सुरुवात केली. प्रकल्पातील ट्रॅकचे सुव्यवस्थित नामकरण सुलभ करणारे हे एक बहुपयोगी साधन असून... बुवांचे हात मांडीवर होते. परिच्छेद संपला. हात मांडीवरच.

"यात मी काय दाबू?"

तिने पुढे उडी मारली. "ट्रॅकचा क्रमांक आणि नवीन नाव पुरवावे."

"तीन. पण खयसून तीन?"

"शून्यापासून. म्हणजे तू तीन म्हणालास की त्याने दोन द्यायचे. ते लिहिते मी." तिने लगेच लिहिलंही : क्रमांक शून्यापासून मोजला जातो, वापरकर्त्याने सांगितलेल्या क्रमांकातून एक वजा करावा.

"कित्याक?"

"आतलं फंक्शन तसं आहे म्हणून."

"आतलं फंक्शन तुझं. वजाबाकी माझ्या गळ्यात का? मी कधी विसरेन, कधी दोनदा करेन. तू एकदाच कर आणि विसरून जा."

इथे भाची जरा थांबली. वर्णन लिहिताना आपण कोडातली एक अडचण दुसऱ्याच्या अंगावर ढकलत होतो, आणि वर ती ढकलताना सभ्य भाषा वापरत होतो, हे तिच्या ध्यानात आलं. सॉफ्टवेअरच्या दुनियेत असली वाक्यं शेकड्यांनी सापडतात : 'कृपया लक्षात घ्यावे की', 'याची खबरदारी घ्यावी', 'असे करू नये'. लिहिणाऱ्याला वाटतं आपण इशारा दिला, जबाबदारी संपली. तिने नवं वाक्य पुसलं आणि कोड उघडला. रीपरमध्ये ट्रॅकचा एकपासूनचा क्रमांकही विचारता येतो, तशी सोय त्यातच आहे. तिने अवजाराला तो क्रमांक शिकवला. वर्णनात उरलं एवढंच : क्रमांक माणूस म्हणतो तोच द्यावा, पहिला ट्रॅक म्हणजे एक.

यानंतरचा तासभर असाच गेला. मधे मामीने दोनदा जेवायला हाक मारली आणि एकदा लाइट गेली.

बुवा म्हणाले, नेहमी क्रमांक कशाला, नावावरून सापडला पाहिजे. सोळा ट्रॅकांत क्रमांक लक्षात राहत नाहीत. भाची म्हणाली, ती सोय आहेच, आणि वाचून दाखवलं : एकाच नावाचे अनेक ट्रॅक असल्यास पहिला निवडला जाईल.

बुवा हसले. "म्हणजे दुसऱ्या मंडळाच्या पखवाजवाल्याने आयुष्यभर वाट बघायची."

डबलबारीत प्रत्येक गोष्ट दोनदा असते, हे भाची लहानपणापासून बघत आली होती. कोड लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर मात्र कुठलंसं इंग्रजी बँडचं गाणं होतं, ज्यात ड्रम एकच असतो. रीपर एकाच नावाचे कितीही ट्रॅक चालवून घेतो, त्याची तक्रार नसते. 'पहिला निवडला जाईल' हे वाक्य तिने लिहिलं तेव्हा तो नियम वाटला होता. आता पाहिलं तर ती निव्वळ अटकळ होती, आणि अटकळ बांधायची पाळी अवजारावर यायला नकोच होती. तिने बदललं : एकाहून अधिक सापडले तर काहीही बदलू नये, सापडलेल्या सगळ्यांची यादी परत द्यावी, कोण कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्यासकट. पहिली बारी आणि दुसरी बारी असे दोन फोल्डर बुवा नेहमीच करतात. यादीत प्रत्येक ट्रॅकची कायमची ओळखखूणही घातली, रीपर प्रत्येक ट्रॅकला जी लांबलचक खूण देतो ती. ट्रॅक वर-खाली हलला की क्रमांक बदलतो, नाव बदललं की नाव बदलतं, ती खूण राहते.

मग बिननावाच्या ट्रॅकांचा घोळ निघाला. हा मला सगळ्यांत आवडलेला घोळ आहे. रीपरमध्ये ट्रॅकला नाव दिलेलं नसेल आणि प्रोग्रॅमने नाव विचारलं, तर उत्तर येतं 'ट्रॅक पाच'. खरं तर तिथे काहीच लिहिलेलं नसतं, पाचव्या जागी आहे म्हणून पाच. त्याच्या वर एक नवा ट्रॅक घातला की तोच ट्रॅक स्वतःला 'ट्रॅक सहा' म्हणवतो. एजंटने जर भोळेपणाने 'जुनं नाव परत ठेवतो' म्हणून तिथे 'ट्रॅक पाच' असं खरोखर लिहून टाकलं, तर ते चिकटून बसतं, आणि उद्या नवव्या जागेवर 'ट्रॅक पाच' नावाचा एक गृहस्थ बसलेला आढळतो. बुवांना यातला एक अनुभव होता. कसा आला ते त्यांना आजवर कळलं नव्हतं, त्यामुळे ते या ठिकाणी बराच वेळ खूश होते.

भाचीने ठरवलं, नाव नसेल तर अवजाराने 'नाव नाही' असंच सांगायचं. रिकामं नाव दिलं तर ते नाव काढून टाकणं समजायचं, चूक समजायची नाही. हे वर्णनात लिहावंच लागलं. ते कोडात लपवता येण्यासारखं नव्हतं, कारण नाव काढायचं की चुकून रिकामं राहिलं, हे ठरवणारा एजंटच.

असं करता करता एक हिशेब आपोआप दिसायला लागला. बुवा अडले की त्या वाक्याचं दोनपैकी एक व्हायचं. एक तर ते वर्णनातून नाहीसं होऊन कोडात जायचं, नाहीतर वर्णनात आणखी धीट होऊन बसायचं. मधे लोंबकळणारं एकही टिकलं नाही. 'ठळक वैशिष्ट्ये' केव्हाच गेली होती. तिन्ही उदाहरणंही गेली. लांबीला तसाही भाव नव्हता, कारण हाताशी असलेल्या प्रत्येक अवजाराचं वर्णन मॉडेलला सोबत वागवावं लागतं. एकाने फापटपसारा केला की बाकीच्यांची जागा खातो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो या अवजाराने काय होत नाही यावर. भाचीचं म्हणणं, न होणाऱ्या गोष्टी अनंत आहेत, त्या कुठवर लिहायच्या?

"मुंबईच्या माणसाला मी स्टेम पाठवतो," बुवा म्हणाले. स्टेम म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल, आणि बाहेर काढताना ती ट्रॅकचंच नाव घेऊन निघेल अशी व्यवस्था रीपरमध्ये करता येते. "मी ट्रॅकचं नाव बदललं की पुढे निघणाऱ्या फाइलला नवं नाव लागतं. पण जी आधी रेकॉर्ड झाली ती फाइल?"

"ती तशीच राहते. डिस्कवर जुन्याच नावाने."

"हे त्याला ठाऊक आहे?"

"मॉडेलला? अंदाजाने असेल."

"उद्या कोणी सांगेल, सगळ्या फाइलींची नावं बदल. तुझा पोर हे अवजार उचलेल, ट्रॅकांची नावं बदलेल आणि झालं म्हणेल. तो खोटं बोलतोय का? नाही. फाइली बदलल्या का? नाही. तेका कोण सांगतलो?"

न होणाऱ्या गोष्टी अनंत असतीलही, पण माणूस ज्या गोष्टी होतील असं धरून चालतो त्या मोजक्याच असतात. त्या कुठल्या, हे अवजार बनवणाऱ्याला बसल्या जागी सुचत नाही. ज्याची फाइल हरवते त्याला सुचतं. भाचीने मामाला विचारून विचारून त्या काढल्या आणि निम्म्याअधिक टाकूनही दिल्या. दोन ठेवल्या.

जेवणं होऊन भांडी घासली जाईपर्यंत वर्णन असं झालं :

'एका ट्रॅकचं नाव बदलतो. ट्रॅक क्रमांकाने, नावाने किंवा ओळखखुणेने सांगता येतो. क्रमांक माणूस म्हणतो तोच, पहिला ट्रॅक म्हणजे एक. एकाच नावाचे अनेक ट्रॅक असतील तर काहीही न बदलता त्यांची यादी परत देतो. त्यातला कोणता ते माणसाला विचारावं, आपण निवडू नये. आधीचं नाव पुसलं जातं आणि उत्तरात परत मिळतं, ते माणसाला सांगावं. रिकामं नाव दिल्यास नाव काढून टाकतो. डिस्कवरच्या रेकॉर्ड झालेल्या फाइलींची आणि ट्रॅकवरच्या तुकड्यांची नावं बदलत नाही.'

साहित्य म्हणून यात काही नाही. तरी मला ते चांगलं गद्य वाटतं. एक शब्द काढला तर कुणाचा तरी ट्रॅक चुकेल.

बुवांनी स्क्रीन रीडरचं बोलणं पुन्हा सुरू केलं आणि ते कामाला लागले. पहिले काही ट्रॅक सरळ गेले. मग गाऱ्हाण्याचा आला. या मंडळाने बारीच्या आधी देवाला घातलेलं गाऱ्हाणंही रेकॉर्ड करून घेतलं होतं, मधूनमधून 'होय महाराजा'चा गजर पकडायला वेगळा माइक लावून. बुवांनी सांगितलं, 'गाऱ्हाणे' या ट्रॅकला 'गाऱ्हाणे, मुख्य' म्हण.

एजंटने उत्तर दिलं, 'गाऱ्हाणे' नावाचा ट्रॅक सापडला नाही. असलेल्या नावांची यादी देतो. यादीत सातव्या जागी होतं : गाऱ्हाणे.

"ह्यो बघ तुझो शहाणो," बुवा म्हणाले.

भाचीने दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले. काना-मात्रा तपासली, मागे-पुढे जागा सुटलीय का पाहिलं. दिसायला एक, वाजायला एक. शेवटी तिने त्यांच्या पोटातले आकडे काढले तेव्हा कळलं. मराठीत 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मध्ये जो आडवा, पापणीसारखा अर्धा र येतो, तो युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट खास ऱ अक्षर घेऊन त्याला हलन्त लावायची. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. ही दुसरी वाट जुन्या मजकुराशी मेळ राहावा म्हणून मान्य केलेली आहे. अक्षरं सारखी करून घेण्याची युनिकोडची जी नेहमीची रीत आहे, तीही या दोघांना एक मानत नाही. रेकॉर्डिंगवाल्या मुलाच्या कळफलकाने एक वाट धरली होती, एजंटने दुसरी. अर्थात हे कुठल्याही इंग्रजी दस्तऐवजात कोण कशाला लिहून ठेवील? ज्यांनी अवजारं बनवली त्यांच्या गावात गाऱ्हाणं नसतं.

भाचीच्या बोटांनी सवयीने वर्णनाची फाइल उघडली. 'कृपया लक्षात घ्यावे की मराठीतील...' इथवर लिहिलं, आणि तिने मामाकडे पाहिलं. मामा काही बोलला नव्हता. त्याला ती काय लिहिते ते कळायचं कारणही नव्हतं. तिने ते पुसलं, कोड उघडला आणि नावं ताडून पाहण्याआधी दुसरी वाट पहिलीत बदलून घेणारी एक ओळ घातली. नाव मात्र ज्याने जसं लिहिलं तसंच राहू दिलं.

"परत सांग त्याला," ती म्हणाली.

या वेळी तो म्हणाला, 'सात क्रमांकाच्या गाऱ्हाणे या ट्रॅकचं नाव आता गाऱ्हाणे, मुख्य आहे.' पुढे बुवांनी मुद्दाम, खोडसाळपणे, नुसतं सांगितलं, "पखवाजाला पखवाज डावा म्हण."

'पखवाज दोन आहेत,' उत्तर आलं. 'एक पहिली बारी फोल्डरमध्ये, तीन क्रमांक. एक दुसरी बारी फोल्डरमध्ये, अकरा क्रमांक. कोणता?'

"दुसरा," बुवा म्हणाले, आणि समोरच्या मंडळाच्या पखवाजवाल्याचं नाव घेऊन त्याच्या हातावर एक शेरा मारला, जो इथे देण्यासारखा नाही. मग त्यांनी विचारलं, "बाकीच्यांवर काय लिहिलंयस?"

"कसल्या बाकीच्यांवर?"

"इतर अवजारं. ट्रॅक गप्प करायचं, आवाज बदलायचं. ट्रॅक पुसून टाकायचं एक आहे म्हणाली होतीस ना? त्यावर काय आहे?"

भाचीने यादी वर सरकवली. ते अवजार तिने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, कारण सोपं होतं.

"'ट्रॅक पुसतो,'" तिने वाचलं.

बुवांनी कीबोर्ड हळूच आपल्या बाजूला ओढून घेतला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मामीला बाहेरची हार्डडिस्क आणायला सांगितली.